माझी गाठ सुटत नाही

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ६.४०

ही डायरी वरवंडच्या खतदुकानदारानं फुकट दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी शेतीचा एक सल्ला छापलाय. आजचा : गव्हाला पाणी द्या. आमच्याकडे गहू नाही. तरी शिस्त म्हणून मोटर चालू करायला गेलो. लाइट नव्हती.

संकल्प. रोज पाचला उठणे. (आज साडेसहा. पहिला दिवस धरायचा नसतो.) गोड बंद. (सुवर्णानं शिरा केला होता. बायकोचं मन मोडणं संकल्पात नव्हतं.) आणि मुख्य संकल्प, झेंडा.

रेकॉर्डसाठी लिहून ठेवतो. मी आनंदराव, वय साठ, वाडीत सगळे आप्पा म्हणतात. कुरकुंभच्या कंपनीत चौतीस वर्षं स्टोअर सांभाळून मागच्या दिवाळीला रिटायर झालो. रिकामा बसणाऱ्यातला मी नाही. वाडीच्या शाळेत दर सव्वीस जानेवारीला बघत आलोय, काय काय चुका करतात लोक! नियम कुणालाच माहीत नाहीत. म्हणून दौंडहून ध्वजसंहितेची प्रिंट काढून आणली. अर्धी वाचून झाली. म्हणजे हायलायटरनं अर्धी पिवळी झाली.

वाडीत झेंड्याचा जाणकार आता एकच आहे. हे अजून वाडीला माहीत नाही, तो भाग वेगळा.

४ जानेवारी

शाळेत इन्स्पेक्शन केलं. मोजपट्टी नेली होती. झेंड्याची लांबी-रुंदी तीनास दोन हवी. होती. जरा निराशा झाली. पण हिरव्या पट्ट्याचा कोपरा उसवलेला सापडला. 'ध्वज जीर्ण' अशी नोंद केली. हेडमास्तरीण सीमा मॅडम म्हणाल्या, नवीन आणायचाच होता आप्पा. मी म्हणालो, माझ्यातर्फे आणतो. मॅडमना बरं वाटलं. जीर्ण झेंडा वेगळा काढून ठेवा, पुढचं मी बघतो, असंही बजावलं.

झेंडा कोण बांधतं, अशी चौकशी केली. उत्तर ऐकून हादरलो. साळूबाई! म्हणजे पोरांची खिचडी शिजवणारी. बाईला अक्षर वाचता येत नाही आणि चोवीस वर्षं देशाचा झेंडा तीच बांधते. तिला विचारलं, कोणत्या कलमानं बांधतेस? ती म्हणाली, कलम? आंब्याचं का?

मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. बहुधा त्यांनाही वाईट वाटलं असावं.

५ जानेवारी, रविवार

दौंडला जाऊन झेंडा आणला. दुकानदारानं खादी की पॉलिस्टर, असं विचारलं. त्याला तिथंच धरला. खादीशिवाय दुसरा झेंडा विकणं बेकायदा आहे, कुठं फेडशील, असं चार गिऱ्हाइकांसमोर सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, काका, तीन वर्षं झाली, पॉलिस्टरला परवानगी हाय, वाचा की जरा. घरी येऊन बघितलं. आहे. ते पान अजून पिवळं व्हायचं होतं.

तरी खादीचाच आणला.

८ जानेवारी

सीमा मॅडमचा मेसेज. शुक्रवारी शाळा समितीची मीटिंग आहे, यंदा झेंडा कोणाच्या हस्ते ते ठरवायचंय, आप्पा तुम्ही नक्की या.

'नक्की' या शब्दावर बराच वेळ विचार केला. ज्याच्या हस्ते करायचं ठरलेलं असतं त्यालाच 'नक्की या' म्हणतात. सुवर्णाला सांगितलं. ती म्हणाली, समद्यांनाच आलाय त्यो मेसेज, ग्रुपवरचा हाय. बायकांना मेसेजमागचा अर्थ कळत नाही.

संध्याकाळी दोरी ओढायचा सराव केला. खिडकीच्या पडद्याची दोरी. पडदा रॉडसकट खाली आला. रॉड मुळातच ढिला होता.

९ जानेवारी

पांढरा कुर्ता-पायजमा शिवून आला. चौतीस वर्षं कंपनीची पँट आणि घरी इलॅस्टिकचा ट्रॅक. पण झेंड्यासमोर इलॅस्टिक शोभत नाही. नाडी पाहिजे.

घालून बघितला. रुबाबदार. काढायला गेलो तर नाडीला निरगाठ बसलेली. सुटेना. सुवर्णानं आधी नखानं बघितलं, मग चमच्याच्या टोकानं, मग कात्री आणली. हसत होती. म्हणाली, लग्नात उपरण्याची गाठ तुम्हीच मारली व्हती, आठवतंय का, ती बी कापलीच.

दोष नाडीचा आहे. गाठीचा नाही. स्टोअरमध्ये मी बांधलेला खोका कुठंही पोचेपर्यंत सैल होत नसे. एकदा नाशिकच्या पार्टीनं मुद्दाम फोन करून विचारलं होतं, हे बांधलंय कोणी म्हणून. आवाज चढलेला होता, पण कौतुकच असणार. माझ्या हातची गाठ आपोआप सुटलेली आजवर कुणी बघितलेली नाही.

१० जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळ

मीटिंग झाली.

भाषणाचा कागद खिशात होता. 'मी या सन्मानाला पात्र नाही' अशी सुरुवात. ती वाचायची वेळ आली नाही.

सीमा मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, साळूबाई येत्या मे महिन्यात काम थांबवतायत. चोवीस वर्षं दुसऱ्यांनी ओढायची दोरी त्यांनी बांधली. यंदा ती दोरी त्यांनीच ओढावी. लगेच टाळ्या. मीही वाजवल्या. दोन.

साळूबाई दारात उभी होती. पदर तोंडाला लावला. म्हणाली, मला नगं बया, हात कापत्याल माझं. मग जरा वेळानं हळूच म्हणाली, येवढी वर्सं बांधतीया, पर वडून कवा बघितला न्हाई. तिचा धाकटा भाऊ म्हस्कू, माझा बांधाशेजारचा, समितीत आहे. तो डोळे पुसत होता. पुरुष माणूस.

मी भानावर होतो. उठून मुद्दा काढला की जिच्या हस्ते फडकवायचा तिनंच तो बांधणं योग्य नव्हे. मॅडम म्हणाल्या, असा नियम आहे? मी म्हणालो, आहे. (असावा. शेवटची अकरा पानं अजून पांढरी आहेत.) मग बांधणार कोण, असा प्रश्न आला. मी तीन सेकंद थांबून म्हणालो, गावासाठी मी वेळ काढीन.

तर आजपासून मी ध्वजप्रमुख. असं पद असतं का, असं कुणीतरी विचारलं. मॅडम म्हणाल्या, आप्पांना हवं ते म्हणा.

विचार केला तर हे पद मोठं आहे. दोरी कुणीही ओढेल.

१२ जानेवारी

चेकलिस्ट तयार केली. एकतीस मुद्दे. लॅमिनेशन करून शाळेच्या व्हरांड्यात लावली. केशरी वर. जमिनीला स्पर्श नाही. चढवताना झपझप, उतरवताना सावकाश. वगैरे.

फळ्यावर 'ध्वजारोहण' लिहिलं होतं. खोडून 'ध्वज फडकवणे' केलं. पंधरा ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात, सव्वीस जानेवारीला तो आधीच वर बांधलेला असतो आणि नुसता उघडायचा, एवढा साधा फरक लोकांना कळत नाही. मॅडमनी वरून आलेलं पत्र दाखवलं. त्यातही ध्वजारोहणच लिहिलं होतं. पत्रावरही लाल पेननं दुरुस्ती केली. मॅडमनी पत्र काढून घेतलं.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगुळाच्या निमित्तानं साळूबाई आणि म्हस्कू घरी आले. (गोड बंद आहे. पण तिळगूळ धर्मात मोडतो. सात.)

साळूबाई मूळ विषयावर आली. म्हणाली, आप्पा, सुरगाठ येतीय न्हवं तुमाला? न्हाई तर दोन मिंटांत दाखविते. मी म्हणालो, बाई, संहितेत गाठीचा प्रकार दिलेला नाही, म्हणजे तो ध्वजप्रमुखाच्या अधिकारात येतो.

म्हस्कू मधेच सांगायला लागला. म्हणे त्यांचा बाप मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचा. कोकरू बांधायचं ते सुरगाठीनंच. लांडगा आला तर टोक वडलं की झटक्यात मोकळं. निरगाठ मारली की त्यांच्यात पोरालासुद्धा बोलणी बसायची, जनावर बांधून मारतू व्हय रं म्हणून. साळूबाई चार वर्षांची असल्यापासून कोकरं बांधायची. झेंडासुद्धा त्याच गाठीनं बांधते.

मी ऐकून घेतलं. झेंडा आणि कोकरू! ह्यांच्याशी तात्त्विक चर्चा अशक्य.

जाताना साळूबाई उंबऱ्यात थांबली. म्हणाली, आप्पा, सूनबाईनं त्या दिवसासाठी लुगडं घेतलंय. भाऊबंद येणार हाईत समदी. तेवढं सुटंल असं बांधा बगा. चोवीस वर्षांत येक डाव बी आडकला न्हाई वो.

बाईला शंका. माझ्या गाठीबद्दल!

१८ जानेवारी, शनिवार. सकाळी ११

सकाळी जे घडलं त्यात माझा काडीचा दोष नाही.

संहितेत स्पष्ट आहे. जीर्ण ध्वज कचऱ्यात टाकायचा नाही, पायपुसणं करायचं नाही. खाजगीत, मान राखून, शक्यतो जाळून संपूर्ण नष्ट करायचा. कोपरा उसवलेला जुना झेंडा मॅडमनी काल माझ्या ताब्यात दिला होता. म्हणून पहाटे आमच्या मळ्यात, विहिरीच्या मागं, जागा सारवून, चार गोवऱ्या रचून, पूर्ण खाजगीत विधी सुरू केला.

माहिती लोकांपर्यंत पोचावी म्हणून फक्त मोबाईल बांधावर उभा करून व्हिडिओ लावला. आणि कॉमेंटरी मोठ्यानं केली, कारण माइक खराब आहे. 'आता मी झेंडा जाळत आहे' हे वाक्य जरा जास्त मोठ्यानं गेलं.

म्हस्कू शेवंतीला पाणी देत होता. तो फावडं घेऊन धावत आला. त्याच्यामागं चार मजूर बिहारचे. एक म्हणत होता, चाचा पागल हो गया क्या. मग अर्धी वाडी. मग पोलीस पाटील. मी संहिता दाखवायला मोबाईल घेतला तर विहिरीजवळ रेंज नाही, आणि प्रिंट घरी. सुवर्णा धावत आली ती चपला न घालता. असा पांढरा चेहरा मी तिचा कधी बघितला नव्हता.

वाचवलं कोणी, तर साळूबाईनं. गर्दीतून पुढं आली. म्हणाली, जीर्न झाला की जाळायचाच असतूय त्यो. म्या बी जाळते. आधी सवच्छ धुयाचा, वाळवायचा, घडी घालायची, आन् येकटीनं कुनाला न कळता शाळंमागं अग्नी द्यायचा. मग राख व्हईस्तवर उभं ऱ्हायाचं. चार जणांनी माना डोलावल्या. लोक पांगले. जाता जाता तिनं मला एवढंच विचारलं, आप्पा, धुतला व्हता का?

नव्हता धुतला.

तिनं उरलेलं सगळं स्वतः केलं. राख होईपर्यंत उभी राहिली. मीही राहिलो.

सायंकाळी : व्हिडिओ डिलीट केला. तरी म्हणावंच लागेल की कलम मीच आधी शोधलं होतं. तिचा तो निव्वळ योगायोग.

२१ जानेवारी

बाहेर पडणं कमी केलंय. लोक मला बघितलं की काडेपेटी मागतात.

आता सगळी भिस्त सव्वीस तारखेवर. झेंडा असा फडकला पाहिजे की मागचं सगळं धुऊन निघेल. झेंड्यात फुलं ठेवायला परवानगी आहे (पिवळं केलंय). म्हस्कूकडं गेलो. तो झेंडू तोडत होता. मला बघून बरोबरची माणसं हसली, तो हसला नाही. मूठभर पाकळ्या देतो म्हणाला. मी म्हणालो, मूठभर? एवढ्या मोठ्या प्रसंगाला? अख्खी फुलं दे, किलोभर. म्हस्कू म्हणाला, गाठोडं जड व्हईल आप्पा, गाठ आवळंल. मी म्हणालो, आवळली पाहिजेच, तेवढ्यासाठीच तर गाठ मारतात.

तो माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला. मुद्दा पटलेला दिसला.

२४ जानेवारी, शुक्रवार

रंगीत तालीम. यश! यश!! यश!!!

मी झेंड्याची घडी घातली, फुलं भरली, वेढा दिला, खास माझी गाठ मारली. गाठोडं वर चढवायच्या आधी मॅडमनी चहाला बोलावलं. मी चहा घेऊन, बिस्किटं खाऊन (गोड नव्हती, अर्धगोड), दहा मिनिटांनी परत आलो. साळूबाई खांबाच्या बुडाशी झाडत होती. मग मी गाठोडं वर चढवलं. मॅडमनी दोरीला नुसता हात लावला आणि भरारर् करून झेंडा उघडला. फुलांचा पाऊस. पोरांनी टाळ्या पिटल्या.

मी साळूबाईकडं बघून म्हणालो, बघितलीस ना गाठ? ती म्हणाली, व्हय, चांगली व्हती. फुलं मातुर निम्मी काढा. तिनं कबूल केलं, एवढ्यासाठी तिला मानावं लागतं.

एक किरकोळ गोष्ट. मी भरली होती त्यापेक्षा फुलं कमी पडली असं वाटलं. वाऱ्यानं उडाली असतील.

२५ जानेवारी. रात्री ८

झोप लागत नाही, इतका आनंद.

तरी धोका नको. तालीम यशस्वी झाली, पण गाठ जरा सहज सुटली. इतकी सहज की वाऱ्यानंही सुटली असती. साळूबाई यायच्या आधीच झेंडा उघडला तर? उद्या एकावर दुसरी गाठ, सेफ्टी म्हणून. आणि पहाटेपासून खांबाशी स्वतः पहारा. कुणाला जवळ फिरकू देणार नाही. झाडूसुद्धा नाही.

डायरीतला आजचा सल्ला : कांद्याला पाणी तोडा.

२६ जानेवारी, रविवार. सकाळी ५.४५

पाचला उठलो. वर्षातला पहिला संकल्प पूर्ण.

कुर्ता-पायजमा. नाडी घट्ट. झेंडा बांधला. गाठ, त्यावर गाठ, त्यावर पाव गाठ. किलोभर फुलं, दंवानं भिजलेली. खांबाला टेकून उभा आहे, टॉर्चमध्ये लिहितोय.

साळूबाई सहाच्या आतच आली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. म्हणाली, आप्पा, येक डाव हात लावून बगू का? मी म्हणालो, आता कुणीही हात लावायचा नाही, ध्वज माझ्या ताब्यात आहे. ती गेली आणि पायरीवर बसली. तिथून वर बघत बसलीय.

२६ जानेवारी. दुपारी २

लिहायला पाहिजे. रेकॉर्ड आहे म्हणून.

साडेसात. सगळी वाडी. म्हस्कूचे भाऊबंद पार कासुर्डीपासून आलेले. पोरं रांगेत. मॅडमनी साळूबाईंचं नाव घेतलं. त्या पुढं झाल्या, दोरीला नमस्कार केला आणि ओढली.

काही नाही.

परत ओढली. खांब वाकला. वरून एक झेंडू पडला. एकच.

तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांनी ओढली आणि मी ऐकलं, वर गाठ आणखी आवळली. हा आवाज मला चौतीस वर्षं ओळखीचा आहे. स्टोअरमध्ये हाच आवाज आला की मी खोक्यावर टिचकी मारायचो आणि पुढचा खोका घ्यायचो.

पोरांचे हात सलामीला वर गेले होते ते तसेच राहिले. 'जन' म्हणायला उघडलेली तोंडं उघडीच. कुणीतरी म्हणालं, कात्री आणा. आणि माझी सुवर्णा, एवढ्या सभेत, फुस्सकन हसली. मग बायकांच्या रांगेत हसू पसरत गेलं. म्हणजे नाडीचं सगळ्यांना माहीत होतं.

साळूबाई हसल्या नाहीत. त्या दोरी धरून उभ्या होत्या आणि हनुवटी थरथरत होती. ते नवं लुगडं, ते आलेले भाऊबंद, चोवीस वर्षांतला पहिला दिवस. आणि वर माझी गाठ. मी आयुष्यात इतका ओशाळलो नाही. जमीन दुभंगावी असं खरंच वाटलं.

मला पुढं जायला पाहिजे होतं. गेलो नाही. त्यांनीच हाक मारली. आप्पा, खाली घ्या, सावकास.

मी दोरी सोडत गेलो. गाठोडं खाली आलं तसा त्यांनी पदर पसरून त्यात झेंडा झेलला. जमिनीला लागू दिला नाही. माझ्या लॅमिनेशनमधला चौथा मुद्दा. मग अंबाड्यातला आकडा काढला आणि वरची पाव गाठ उकलली. मग दुसरी. मग पहिली. किती वेळ गेला माहीत नाही. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता, जानेवारीत. किलोभरातली बहुतेक फुलं काढून त्यांनी माझ्या ओंजळीत दिली. मूठभर आत ठेवली. घडी केली. मला म्हणाल्या, आप्पा, हितं बोट ठिवा. मी ठेवलं. असा एक वेढा, असा फास, हां, आता काढा बोट.

एवढंच. तालमीच्या दिवशीचीच गाठ होती ती. मला तेव्हाच कळलं. खरं सांगायचं तर तालमीच्या दिवशीच कळलं होतं, लिहिलं नव्हतं.

मी गाठोडं वर चढवलं. झपझप. साळूबाईंनी दोन बोटांनी दोरी ओढली. झेंडा उघडला, फुलं त्यांच्या डोक्यावर, हिरव्या लुगड्यावर पडली. त्यांनी वर बघत कडक सलाम ठोकला आणि त्या रडायला लागल्या. म्हस्कू रडला. मीही रडलो, अगदी नाक ओढून. सलाम करता येईना, दोन्ही हातांत फुलं.

नंतर घरी आलो. पायजमा निघेना. सुवर्णानं न बोलता कात्री दिली.

२७ जानेवारी, सोमवार. सायंकाळ

सकाळी व्हरांड्यातलं लॅमिनेशन काढून आणलं. कुणी सांगितलं नव्हतं.

मग नवी नाडी ओवलेला पायजमा घालून, नाडी नुसती कमरेला खोचून, साळूबाईंच्या घरी गेलो. म्हणालो, दाखवा ती गाठ. वाटलं होतं, टोमणा मारतील. त्यांनी चहा ठेवला. अंगणात म्हस्कूची चार-पाच मेंढरं असतात, हौस म्हणून ठेवलेली. एक काळं कोकरू आणि दावं आणलं. दोन मिनिटांची गाठ शिकायला मला पावणेदोन तास लागले. कोकराला सतरा वेळा बांधलं. पंधरा वेळा निरगाठ. कोकरू कंटाळून बसलं. साळूबाई एकदाही चिडल्या नाहीत. फक्त दर वेळी म्हणायच्या, आप्पा, आवळू नगा, गाठ बांधाया नसती, सोडाया असती. सोळाव्या वेळी टोक ओढलं आणि दावं झटक्यात मोकळं झालं. सतराव्या वेळी पुन्हा. मी ओरडलोच. म्हातारपणी एवढा आनंद कधी झाला नव्हता.

त्या म्हणाल्या, मंग झालं की. पंधरा आगस्टाला तुम्हीच बांधा, म्या बसंल खुर्चीवर.

मानानं मान खाली गेली. त्या आत साखर आणायला गेल्या तेवढ्यात, हाताला वळण लागलंय तोवर, पायजम्याच्या नाडीलाही मारून बघितली. नवी नाडी, पहिली सुरगाठ. सुरेख बसली. टोक ऐटीत लोंबत सोडलं.

चहा घेऊन त्या बाहेर आल्या. मी दोन्ही हातांनी बशी घ्यायला उठलो. कोकरू उठलं. त्यानं लोंबतं टोक तोंडात धरलं आणि ओढलं.

झटक्यात. भरारर्.

दोन्ही हातांत कपबशी. साळूबाईंनी शांतपणे भिंतीकडं तोंड केलं आणि पदराआडून म्हणाल्या, आता जमली बगा आप्पा तुमाला.